बकेटची सावली

आमच्या भरावावर औषधालासुद्धा झाड नव्हतं.

कोन गावाच्या पुढं, कल्याण रस्ता सोडून आत वळलं की पूर्वी भाताची खाचरं लागायची. तिथं आता गोदामं उठायची होती. खाडीकडची जमीन सखल, म्हणून आधी ती रस्त्याच्या उंचीला आणायची. डंपर डोंगराकडून मुरूम आणून ओतायचे, मी ट्रॅक्टरच्या पुढच्या लोडरनं तो उचलून, ढकलून सारखा करायचो, आणि फावडी-घमेली घेतलेली माणसं मागून कडा भरत यायची. बांधांवर होती नव्हती ती झाडं पहिल्याच झटक्यात उपटून झाली होती. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. आमच्या पट्ट्यात ज्याच्याकडं जमीन होती तो विकत होता आणि ज्याची विकून झाली होती तो दुसऱ्याच्या जमिनीवर मुरूम टाकत होता. मी आधी पहिल्या रांगेत होतो, मग दुसरीत येऊन उभा राहिलो.

घरचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात लांबवण्यासारखं काही नाही. आई गेली, जमीन गेली, भावांनी आपापले बंगले बांधले आणि प्रत्येक बंगल्याला कंपाउंड घातलं. माझं लग्न एकदा ठरत आलं होतं, ते साखरपुड्याच्या आधीच फिसकटलं. मुलीकडच्यांनी चौकशी केली आणि मुलगा फटकळ आहे, असं त्यांना कळलं. खोटं नव्हतं ते. मी पुन्हा त्या वाटेला गेलो नाही. सकाळी उठून भात-कालवण करायचं, निम्मं डब्यात, निम्मं रात्रीला. रात्री ओट्याशी उभ्या उभ्याच जेवायचो. एकट्यासाठी पाट मांडून, पाण्याचा तांब्या भरून बसायचं म्हणजे स्वतःकडंच पाहुणा गेल्यासारखं वाटायचं.

म्हणून दुपारची जेवणाची सुट्टी माझ्या लेखी फार मोठी होती. सुट्टी झाली की मी लोडर माणसाच्या डोक्यावरून वर जाईल इतका उचलायचो, बकेट, म्हणजे मुरूम भरायचं ते पुढचं लोखंडी सूप, आडवी करायचो आणि इंजिन बंद करायचो. त्या उघड्या माळावर तेवढीच एक सावली. सूर्य डोक्यावर आला की बकेटची सावली बरोबर बकेटच्या खालीच पडते, इकडं नाही की तिकडं नाही. मग सगळी माणसं दाटीवाटीनं तिथं बसायची. तांदळाच्या भाकऱ्या निघायच्या, कुणाचा सुका जवळा, कुणाचं बोंबलाचं कालवण, कुणाकडं नुसतीच मिरची. माझ्या भातावर कुणी ना कुणी काहीतरी वाढायचंच. "दादाचं कालवन म्हंजे गरम पानी," असं म्हणून हसायचे. मीही त्यांच्या भाकरीला खोड काढायचो. दिवसभरात मी जेवढं बोलायचो त्यातलं बहुतेक सगळं त्या सुट्टीत बोलून व्हायचं.

त्या माणसांत अकलोलीच्या बाजूच्या एका पाड्यावरची बाई होती. नवरा-बायको दोघंही फावड्यावर. पोर अंगावरचं, नुकतं मान धरायला लागलेलं. ती रोज जुन्या लुगड्याची झोळी करायची आणि माझ्या बकेटच्या दातांना टांगायची. बकेटच्या पुढच्या कडेला लोखंडी दात असतात, मुरमात घुसायला. झोळी बांधायला ते अगदी हवे तसे. झाड असतं तर तिनं झाडाला बांधली असती, झाड नव्हतं म्हणून लोडरला. झोळीला एक दोरी असायची. जो जवळ बसेल त्यानं जेवता जेवता दोरी ओढायची, असा रिवाजच पडला होता. मी जवळ बसायची संधी सोडत नसे. डाव्या हातात दोरी, उजव्या हातानं घास. झोळी इकडून तिकडं जायची आणि आतून एक पाय बाहेर आलेला दिसायचा. खरं सांगतो, त्या वर्षात मला कुणी काही दिलं असेल तर ती दोरी.

हे असंच चाललं असतं, पण एका दुपारी माझ्या डब्याला मुंग्या लागल्या. भरावावर मुंग्या फार, म्हणून मी डब्याची पिशवी लांब सुतळीनं बकेटच्या कडेच्या दाताला अडकवायचो, जमिनीपासून वीतभर वर लोंबत राहील अशी. मला दही आणि भात शेवटी खायची सवय. पिशवी घ्यायला वळलो तर ती जमिनीवर टेकलेली. सुतळी तुटली नव्हती, सुटलीही नव्हती. मी वर पाहिलं. बकेट खाली आली होती. कुणाला न कळता, आवाज न करता, वीतभर.

"बकेटला पन भूक लागली," कुणीतरी म्हणालं, "ती पन जेवाला बसली." सगळे हसले. झोळीच्या खालीही जमीन जवळ आली होती, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मी हसलो नाही. मी दही तसंच मुंग्यांसाठी टाकून दिलं आणि संध्याकाळी काम सुटल्यावर ट्रॅक्टर थेट धामणकर नाक्याकडं घेतला.

नाक्याच्या मागच्या गल्लीत, दोन्ही बाजूंना कापडाचे लूम खडखडत असतात अशा ठिकाणी, एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं दुकान होतं. कोकणी मुसलमान, खाडीकाठचंच जुनं घराणं. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. लोडर, ट्रॉली, डंपर, ज्याला ज्याला म्हणून तेलाचा जॅक आहे ते सगळं त्यांच्याकडं यायचं. जॅक म्हणजे ती जाड नळी, जिच्यातून चकचकीत दांडा बाहेर येतो आणि लोडरचे हात वर उचलतो. चाचांनी दांड्यावरून चिंधी फिरवली, वास घेतला, आणि म्हणाले, "आतला रबराचा सील गेलाय. तेल आतल्या आत पळतंय. बाहेर एक थेंब दिसनार नाय तुला."

होजच्या, म्हणजे तेलाच्या रबरी नळीच्या, जोडापाशी मला थोडी ओल दिसली म्हणून मी बोट पुढं केलं. त्यांनी माझ्या मनगटावर अशी चापट मारली की मी लहान पोरासारखा हात मागं घेतला. "हात नाय लावायचा. गळती बघायची तर पुठ्ठा धर." मग स्वतःचा डावा हात पुढं केला. पहिलं बोट मुळापासून नव्हतं. "केसाएवढं भोक होतं होजला. मी बोट फिरवून बघितलं, तेल कुठनं येतंय ते. टाचणी टोचल्यासारखं झालं बस. रक्त पन नाय आलं. मी च्या प्यायलो, घरी गेलो, झोपलो. सकाळी हात निळा. तेल बोटात शिरून पार वर चढलं होतं. लगेच इस्पितळात गेलो असतो तर बोट राहिलं असतं, असं डॉक्टर बोलला."

मग बाकीचंही त्यांनी सांगितलं, आणि कुणाला तरी शिव्या घालत असल्यासारखं सांगितलं. उतरायच्या आधी बकेट जमिनीला टेकवायची. इंजिन बंद केल्यावर लिव्हर दोन्ही बाजूंना हलवून होजमधला दाब काढायचा, मगच पान्याला हात लावायचा. इंजिन बंद आहे म्हणून बकेट जागेवर राहते, असं समजायचं नाही, लिव्हरला नुसता धक्का लागला तरी ती खाली येते, आणि येते ती वीतभर नाही, सगळी. मी म्हटलं, सील बदलून द्या, मग तर झालं? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "सील बदलून देतो. पन वर काय धरून ठेवलंय? तेल. तेलावर भरोसा ठेवून त्याच्याखाली मानूस बसवशील तर परत माझ्या दुकानात येऊ नको."

सील बदललं. परत येताना रस्त्यावर मला झोळीतला तो बाहेर आलेला पाय दिसत होता. तोवर मी काय काय त्या बकेटखाली बसवलं होतं, ते मोजायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी झाली आणि मी बकेट जमिनीला टेकवली. लिव्हर हलवला, किल्ली काढली, खाली उतरलो. माणसं डबे घेऊन येऊन उभी राहिली. "दादा, सावली?" मी सांगितलं, आजपासून सावली बंद. का, ते सांगितलं. त्यांना वाटलं जॅक बिघडलाय. मी म्हटलं, जॅक दुरुस्त केलाय. "मंग आता काय झाला?" एकानं विचारलं, आणि प्रश्न बरोबरच होता.

मी त्यांना दाखवलं. सगळ्यांना लांब उभं केलं, लोडर उचलला, इंजिन बंद केलं, आणि लिव्हर एकदा पुढं ढकलला. बकेट धाडकन खाली आली. मुरूम उडाला, माझ्याच डोळ्यांत गेला. बायका किंचाळल्या आणि मग सगळे हसायला लागले, जत्रेतल्या पाळण्यातून उतरल्यावर हसतात तसे. झोळीवाल्या बाईचा नवरा म्हणाला, "मंग लिव्हरला हात लावाचा न्हाय. झालं." मी गोष्ट समजावत होतो ती अशी एका वाक्यात निकालात निघाली. मला राग आला. माझा राग म्हणजे भाकरी थापल्यासारखा, आवाज मोठा आणि लगेच. मी जे काय बोललो ते सगळं आठवत नाही. पण त्याच वेळी ती बाई लुगडं खांद्यावर टाकून, सवयीनं, खाली टेकलेल्या बकेटच्या दाताला कुठं गाठ मारता येते का ते बघत होती, आणि मी तिला ओरडलो, "माझ्या मशीनला पोर टांगायचं नाय! सांगितलं ना एकदा!"

तिचा हात तिथंच थांबला. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मला कळलं, तिनं काय ऐकलं ते. बकेटखालचा धोका तिनं ऐकलाच नव्हता. आपल्या पोराचा, आपल्या लुगड्याचा कुणालातरी विटाळ झाला, असं तिनं ऐकलं होतं. असं तिनं जन्मभर ऐकलं असणार. मी काही बोलायच्या आत ती लुगड्याची घडी करून निघून गेली. त्या दिवशी सगळे डंपरच्या चाकांच्या सावलीत विखरून जेवले. झोळी नव्हती, पोर तिच्या मांडीवर होतं. मी ट्रॅक्टरच्या पायरीवर बसून जेवलो. भातावर कुणी काही वाढलं नाही.

डंपर रिकामे झाले की निघून जायचे, त्यामुळं ती सावली काही टिकाऊ नव्हती. मी ताडपत्री आणली, चार बांबू रोवले, कोपरे दगडांनी दाबले. तिच्याखाली मुरमाची वाफ कोंडायची आणि खाडीवरून वारा सुटला की ती फडफडून अंगावर यायची. दोघंतिघं एक दिवस बसले, ते मला बरं वाटावं म्हणून. तिसऱ्या दिवशी ती फाटली.

आणि मग दुसरा लोडर आला. काम वाढलं म्हणून ठेकेदारानं आणला. ठेकेदार आमच्याच गावचा, लांबून मामा लागायचा. लोडर कोरा, होज काळे कुळकुळीत, आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डला स्पीकर बसवलेले. चालवणारा हसरा माणूस होता, सगळ्यांना पहिल्या दिवशीच आवडला. सुट्टी झाली की त्यानं बकेट उचलली, आडवी केली, टेप लावला. माणसं हाकेच्या अंतरावर नव्या सावलीत जाऊन बसली, जणू त्यांची हरवलेली वस्तू कुणी आणून दिली होती. झोळी पुन्हा टांगली गेली, पण आता त्याच्या बकेटला.

मी माझ्या खाली टेकलेल्या बकेटला टेकून, डोक्यावर ओला पंचा टाकून, त्यांच्याकडं तोंड करून जेवायचो. पाठ करून बसलो असतो तर बरं झालं असतं, पण बसवत नव्हतं. गाणं ऐकू यायचं, हसणं ऐकू यायचं, शब्द ऐकू यायचे नाहीत. एवढं एकटं मला आई गेल्यावरही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान लोक येऊन बसत होते. आणि एकटेपणाला एक दुसरी धास्ती चिकटली होती. झोळी झुलायची आणि मी घास हातात धरून त्याच्या जॅककडं बघत राहायचो. कुणी ट्रॅक्टरवर चढलं की मी उठून उभा राहायचो. सुट्टी संपून ती बाई गाठ सोडायची तेव्हा मला दिवसातला पहिला नीट श्वास यायचा.

मी त्या हसऱ्या माणसाशी बोललो. तो म्हणाला, "अरे नवीन मशीन हाय. तेल नवीन, होज नवीन. तुजी जुनी हाय म्हनून तुला भ्या वाटतं." मी मामाकडं गेलो. मामा मोबाईलवर बोलत होते, मधेच फोन छातीला लावून म्हणाले, "जेवनाच्या सुट्टीत कोन कुठं बसतो ते पन मीच बघू? डोक्यावर ऊन हाय, बसतात बिचारी. तू पन जाऊन बस ना, एकटा कशाला बसतोस?" ते प्रेमानंच म्हणाले. तेच तर. सगळे मला प्रेमानंच समजावत होते.

पुन्हा चाचांकडं गेलो. जायला तोंड नव्हतं, पण गेलो. मी काही बसवलं नाही, दुसऱ्यानं बसवलंय, असं आधीच सांगून टाकलं. ते उठून मागच्या ढिगाकडं गेले. मग भंगारातून जाड लोखंडाचं चॅनल ओढून काढलं, पन्हळीसारखं, एका बाजूनं उघडं. लोडर वर असताना जॅकचा दांडा जेवढा बाहेर असतो तेवढ्या लांबीचे, बोटभर कमी, असे दोन तुकडे मला कापायला सांगितले. दांड्यावर ते बाजूनं बसवायचे आणि खीळ घालायची. तेल सटकलं, होज फुटला, लिव्हर हलला, काहीही झालं तरी दांडा आत जाऊ शकत नाही, मधे लोखंड आडवं येतं. "हे लावतात ते काम करायला," ते म्हणाले, "खाली झोपून पाना मारायचा असला तर. जेवायला नाय. पन तू आता त्यांना उठवू तर शकत नाय."

तुकडे घेऊन दुसऱ्या दिवशी सुट्टीच्या वेळी मी त्या नव्या लोडरपाशी गेलो. मला येताना बघून बोलणं थांबलं. मी बाजूनं टायरवर चढलो, दोन्ही जॅकवर चॅनल बसवले, खिळी घातल्या. चालवणारा खालून बघत होता. "लाव बाबा, लाव," तो म्हणाला, "तुजं मन शांत होत असल तर लाव. गानी तेवढी बंद नको करू." सगळे हसले. बाई हसली नाही, तिनं मानही वर केली नाही.

मग तो माझा नेमच झाला. सुट्टी झाली की लोखंडं घेऊन जायचं, लावायची, परत येऊन आपल्या उन्हात बसायचं. सुट्टी संपली की जायचं, काढायची. "आला कुलूपवाला," असं म्हणायचे. चिडवण्यात विष नव्हतं. कुणी कुणी बसायलाही सांगायचं, पण जागा करून द्यायला कुणी सरकायचं नाही, आणि लोखंड लावलं म्हणून त्या बकेटखाली बसायची माझी तयारीही नव्हती. बाई मी आलो की पोराला झोळीत नीट झाकून घ्यायची, माझी सावलीसुद्धा नको असल्यासारखी. मला तिला एकदा सांगायचं होतं की मी तसलं काही म्हणालो नव्हतो. पण असं सांगायला जाणं म्हणजे ते पुन्हा बोलण्यासारखंच होतं. मी ते मनातल्या मनात बरेचदा बोललो. मनात मी फार चांगला बोलतो.

होळीच्या आसपासची गोष्ट. ऊन आता चढलं होतं. मी लोखंडं लावून परत आलो होतो, पंचा भिजवून डोक्यावर टाकला होता, डबा उघडला होता. तिकडं टेपवरचं गाणं संपलं. कॅसेटची बाजू उलटायची होती. चालवणारा जेवत होता, त्याचे हात खरकटे, म्हणून झोळीवाल्या बाईचा नवरा उठला आणि अनवाणी ट्रॅक्टरवर चढला. तो टेपकडं वाकला. त्याचा गुडघा लिव्हरला लागलेला मी माझ्या जागेवरून पाहिला.

खट् असा आवाज झाला. तेवढाच. बकेट बोटभर खाली आली आणि लोखंडावर थांबली. सगळा ट्रॅक्टर एकदा हादरला. झोळीला हिसका बसला आणि ती झुलायला लागली.

"ए, लिव्हरला पाय नको लावू रे," चालवणारा खालून म्हणाला; टेप थांबला होता म्हणून मला ऐकू आलं. कुणीतरी काहीतरी विनोद केला. नवीन गाणं सुरू झालं. झोळी झुलत होती ती बाईनं बघितली, वाऱ्यानंच झुलली असं समजून तिनं बसल्या बसल्या पायानं तिला आणखी एक झोका दिला आणि भाकरीचा तुकडा मोडला.

मी धावत होतो. डबा कुठं पडला ते कळलं नाही. पोचलो तेव्हा नुसता धापा टाकत उभा राहिलो. सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझा चेहरा बहुतेक फार वाईट दिसत असावा, कारण त्या बाईनं पहिल्यांदाच मान वर केली, माझ्याकडं नीट पाहिलं आणि बाजूला सरकून जागा केली. "बस दादा," ती म्हणाली, "ऊन लागलाय तुला. बस, भाकर खा." आणि झोळीची दोरी तिनं माझ्या बाजूला टाकली.

इतके दिवस मला दुसरं काही नको होतं. दोरी माझ्या पायाशी पडली होती. वर दोन्ही दांड्यांच्या माथ्याखाली चॅनल गच्च दाबून बसले होते, बोटभर फट होती ती नाहीशी झाली होती. आता सगळं वजन त्या भंगारच्या तुकड्यांवर होतं आणि ती मला खाली बस म्हणत होती.

"पोराला बाहेर काढ," मी म्हणालो. आवाज माझा तसाच निघाला, नेहमीसारखा. "आत्ता काढ. ऊठ इथून."

तिचा चेहरा पुन्हा मिटला. मी चालवणाऱ्याला चॅनल दाखवलं, हे बघ, दाबलं गेलंय, सगळा भार याच्यावर आलाय. त्यानं वर बघितलं. "मंग त्याच्यासाठीच लावलास ना? झाला त्याचा काम." त्याला खरंच त्यात काही वावगं दिसत नव्हतं. नवरा टेपचा आवाज वाढवून, गाणं गुणगुणत खाली उतरला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. त्याच्या गुडघ्यानं काय केलं असतं, ते मी त्याला तेव्हा सांगितलं नाही आणि पुढंही कधी सांगितलं नाही.

बाईनं पोराला झोळीतून उचललं. भाकरी तशीच फडक्यात गुंडाळली आणि बकेटखालून बाहेर निघाली, थेट उन्हात, मुरमाच्या ढिगाच्या पलीकडं, माझ्याकडं पाठ करून बसली. पदर पोराच्या डोक्यावर धरला. झोपेतून उठवलेलं, तापल्या मुरमाच्या झळा लागलेलं पोर रडायला लागलं. ते जोरात रडत होतं, श्वास कोंडून, पुन्हा सुरू करून. माणसं माझ्याकडं बघून चुकचुकत होती, की काय हा माणूस, लेकराला उन्हात बसवलं. मी तिथंच उभा राहिलो, डोळे पुसत, आणि ते रडणं थांबू नये असं मला वाटत होतं.